वर्गातला पियानो, देवळातली पेटी

हायस्कूलमध्ये कीबोर्डवर पियानोचे पहिले धडे सुरू झाले, की मुलगी विचारते, “आई, घरी सराव कशावर करू?” वाद्य महाग, म्हणून तिचं शिकणं थांबवू नका. पैठणपासून कन्नडपर्यंत आपल्याकडे भजनी मंडळं आहेत. त्यांची पेटी चालते.

पेटीही मूळची युरोपातलीच. १८४०च्या सुमारास पॅरिसमध्ये तयार झाली. पियानोत हातोडी तारेवर पडते, पेटीत हवेनं पितळी पत्ती थरथरते. पण पट्ट्यांची मांडणी एकच. एका सप्तकात सात पांढऱ्या, पाच काळ्या. काळ्या कुठं दोन, कुठं तीन अशा असतात. दोन काळ्यांच्या लगेच डावीकडची ती पांढरी एक. शाळेत तिलाच ‘सी’ म्हणतात. तिथं सा धरून ओळीनं पांढऱ्याच पट्ट्या वाजवल्या, की सगळे शुद्ध स्वर मिळतात.

उजव्या हाताचा अंगठा सा वर, तर्जनी रे वर, मधलं बोट ग वर. मग अंगठा बोटांखालून सरकवून म. उरलेली चार बोटं ओळीनं प, ध, नि, सा वर. एवढंच रोज पंधरा मिनिटं, सावकाश.

पियानोला दोन्ही हात लागतात. पेटीवर एक हात भात्यात अडकतो. म्हणून समोर बसून भाता तुम्ही हलवा. तिचे दोन्ही हात मोकळे होतील.

पेटी देवळात कुलपात असेल, तर मंडळाकडे संध्याकाळची वेळ मागा. गटातल्या चौघी मिळून गेल्या, तर मुलींसाठी नाही म्हणणं अवघड जाईल.