विश्लेषण : उसाचे पाचट पेटवल्याने शेतकऱ्याचे नेमके काय जळते?

दौंड तालुक्यातील केडगाव आणि भीमेपलीकडचा शिरूर हा उसाचा पट्टा. तोडणी हंगामात येथे संध्याकाळी शेताशेतांत जाळ दिसतो. ऊस कारखान्याला किंवा गुऱ्हाळाला जातो, हिरवे वाढे जनावरांना जाते. मागे उरते ते वाळलेले पाचट. वाढ्याला भाव असल्याने ते कोणी जाळत नाही. पाचटाला भाव नाही, म्हणून त्याला काडी लागते.

पाचट पेटवण्याची कारणे काय?

शेतकऱ्यांची अडचण खोटी नाही. सरीत पाचट पडले की पाणी पुढे सरकत नाही, खोडव्याला खत देता येत नाही, उंदीर-सापांची भीती असते. पाचट आवरायला मजूर मिळत नाहीत आणि मिळाले तरी मजुरी परवडत नाही. काडी मात्र फुकट असते आणि रान तासाभरात मोकळे होते.

नुकसान किती?

एका एकरातून साधारण तीन ते चार टन पाचट निघते. त्यात सुमारे अर्धा टक्का नत्र, म्हणजे एकरी 15 ते 20 किलो. युरियाच्या 45 किलोच्या गोणीत जवळपास 20 किलो नत्र असते. पाचट पेटले की यातील बहुतेक नत्र धुरावाटे जाते. पालाश राखेत उरतो, पण ती राख वाऱ्याने उडते. सर्वांत मोठा तोटा सेंद्रिय कर्बाचा. पाचटाचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग कर्ब असतो आणि तो जमिनीत जाण्याऐवजी हवेत जातो. शिवाय वरच्या थरातील उपयुक्त जिवाणू होरपळतात, खोडव्याच्या बुडख्यांनाही झळ बसते.

कायदा काय सांगतो?

उघड्यावर कचरा जाळण्यास राष्ट्रीय हरित लवादाने 2016 मध्ये देशभर मनाई केली. साध्या प्रकरणात पाच हजार, तर मोठ्या प्रमाणावर जाळल्यास 25 हजार रुपये भरपाई ठरवली. हवा प्रदूषण प्रतिबंधक कायदा, 1981 नुसार राज्य सरकार प्रदूषण नियंत्रण मंडळाशी विचारविनिमय करून ठरावीक क्षेत्रात जाळण्यावर बंदी घालू शकते. आगीबाबत निष्काळजीपणा करून कोणाचा जीव धोक्यात घातल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 287 नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. वारा फिरला की बांधापलीकडचा उभा ऊस पेटायला वेळ लागत नाही.

पर्याय कोणता?

पाचट एक आड एक सरीत दाबावे. मोकळ्या सरीतून पाणी व्यवस्थित जाते. बुडखे धारदार कोयत्याने जमिनीलगत छाटावेत. एक टन पाचटासाठी आठ किलो युरिया, दहा किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि एक किलो कुजवणारे जिवाणू संवर्धक टाकून पाणी द्यावे. ट्रॅक्टरवरील कुट्टी यंत्राने बारीक केल्यास पाचट लवकर कुजते.

येथे एक शंका रास्त आहे. गोणीभर नत्र वाचवायला पुन्हा युरियाच घालायचा का? हा युरिया जिवाणूंच्या वाढीसाठी लागतो. पाचट कुजल्यावर त्यातील बराचसा भाग पिकाला मिळतो. हे नत्र हळूहळू सुटते, लगेच दिसत नाही. मात्र आच्छादनाने ओल टिकते आणि तण कमी उगवते, हा फायदा उन्हाळ्यातच जाणवतो. आवर्तन लांबले तर तो अधिकच मोलाचा.

मग काहीच जाळायचे नाही का?

अपवाद आहे तो रोगाचा. डाळिंबावरील तेल्याने ग्रासलेल्या छाटलेल्या फांद्या बागेत ठेवल्या तर रोग पसरतो, म्हणून त्या बाहेर नेऊन नष्ट करण्याची शिफारस केली जाते. निरोगी फांद्या व झुडपे मात्र सरपण होतात किंवा कुट्टी करून खड्ड्यात कुजतात. थोडक्यात, जाळ रोगट मालापुरता ठेवावा. पाचटाला बाजारात भाव नसला, तरी तो जमिनीत नक्की आहे.