नाकातली वाट

आंबे उतरवताना मामा कलमावरून पडला, त्याला या मे महिन्यात एकवीस वर्षं झाली. झेला वर फांदीतच लटकत राहिला आणि मामाची कमरेखालची जाणीव तिथल्या तिथे गेली. मज्जारज्जूवर हाती लागेल ते वाचायचा नाद मला तेव्हापासूनचा.

मागचा इतिहास भराभर सांगतो. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या इजिप्शियन पपायरसात मानेचा मणका निखळून हातपाय गेलेल्या रोग्याला असाध्य ठरवलंय. १९४४ साली इंग्लंडात स्टोक मँडेविलला लुडविग गुटमन यांनी दर दोन तासांनी रोग्याची कूस बदलण्याचा दंडक घातला आणि शय्याव्रणांनी दगावणारी माणसं जगू लागली. पहिली दोन वर्षं आमची मामीही उशाशी गजराचं घड्याळ ठेवून रात्रीतून तीनदा उठायची. ‘अहो, वळा बघू,’ म्हणत मामाच्या गुडघ्यांमध्ये उशी सरकवायची.

मेंदूत आणि मज्जारज्जूत तुटलेले तंतू मोठेपणी पुन्हा जुळत नाहीत, असं स्पेनच्या काहाल यांनी लिहिलं होतं. पुढे माँट्रियलला अल्बर्ट अग्वायो यांनी उंदराच्या पायातली नस मज्जारज्जूला जोडली, तर तेच तंतू तिच्यातून चांगले काही सेंटिमीटर वाढले. बियाण्यात खोट नव्हती, जमीनच रुजू देत नव्हती!

पण माझा जीव अडकलाय तो नाकात. नाकाच्या छताशी वास ओळखणाऱ्या चेतापेशी असतात. धूळ, सर्दी, तपकीर सगळं सोसून त्या मरतात आणि त्यांच्या जागी जन्मभर नव्या येत राहतात. प्रत्येक नवीला आपला तंतू चाळणीसारख्या हाडातून वर थेट मेंदूत न्यावा लागतो. इतर नसांचे तुटलेले तंतू ज्या वेशीवर अडतात, ती हे तंतू बिनबोभाट ओलांडतात, कारण त्यांना कुशीत घेऊन जाणाऱ्या खास पेशी तिथे असतात. मी त्यांना ‘वाटाड्या पेशी’ म्हणतो. लंडनच्या जेफ्री रेझमन यांनी १९८५ मध्ये त्यांची रचना उलगडून दाखवली. सर्दी उतरल्यावर फोडणीचा वास आला की मला अजून या पेशी आठवतात.

१९९७ मध्ये रेझमन यांच्या चमूने उंदरांच्या एका पुढच्या पंजाकडे जाणारे तंतू कापले आणि जखमेत या पेशी सोडल्या. जिथे तंतूंनी जखम ओलांडली, तिथे उंदीर तोच पंजा पुढे करून पुन्हा खाऊ उचलू लागले. हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही.

मग पोलंडमधलं व्रोत्सवाफ. २०१० मध्ये सुरीहल्ल्यात डारेक फिडिका या अग्निशामकाचा मज्जारज्जू जवळजवळ पूर्ण कापला गेला. २०१२ मध्ये पावेल ताबाकोव यांनी त्याच्याच मेंदूतला, नाकातले तंतू जिथे पोचतात तो गंधकंद काढून त्यातल्या वाटाड्या पेशी वाढवल्या आणि सुमारे शंभर सूक्ष्म टोचण्यांनी मज्जारज्जूत सोडल्या. घोट्याजवळच्या नसेच्या चार पट्ट्या आठ मिलिमीटरच्या फटीवर पुलासारख्या बसवल्या. तीनेक महिन्यांनी त्याच्या डाव्या मांडीवर मांस धरू लागलं. पुढे तो वॉकर धरून पावलं टाकू लागला. एका रोग्यावरून सिद्धांत ठरत नाही, हे शंका घेणाऱ्यांचं म्हणणं रास्त आहे. पण शस्त्रक्रियेआधीही अनेक महिने कसून व्यायाम करून त्याच्यात काहीच फरक पडला नव्हता, हेही विसरता येत नाही. शिवाय त्याची जखम सुरीची, स्वच्छ कापलेली होती. पडून झालेल्या जखमेत मज्जारज्जू सहसा चेंगरतो. मामाचाही चेंगरलाय.

 

गेल्या गणपतीत मी मामाला फिडिकाची सगळी हकिगत वाचून दाखवली. वॉकरपर्यंत आलो तेव्हा त्याने हात वर केला.

“चालण्याचं राहू दे रे. लघवी लागलेली कळते का त्याला?”

“थोडी जाणीव परत आलीये, मामा.”

मामाने चष्मा लावला, खुर्ची खिडकीशी नेली आणि म्हणाला, “कुठे लिहिलंय, दाखव.”