सातबाऱ्यावर नाव आहे, पण तुकडा कोणता?

वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना 1985 मध्ये सुरू झाला आणि त्याच्या आसऱ्यानं जालना, बीड, परभणी, बुलढाण्याकडची पोरं इथं आली. आधी भाड्याची खोली, मग प्लॉट, मग पत्र्याचं का होईना, पण स्वतःचं घर. बजाजनगर आणि आसपासच्या कामगाराच्या कपाटात म्हणून बरेचदा दोन फायली असतात: एक इथल्या जागेची, दुसरी गावाकडच्या शेताची. दोन्हीकडे आपली मालकी पक्की आहे असं तो सांगतो. कागद पुढ्यात घेऊन बसलं की कळतं, तो ज्या कागदाच्या भरवशावर आहे तो वेगळंच काही सांगतोय.

आधी बजाजनगर. इथं घर घेतलं म्हणजे खालची जमीनही आपली झाली, असं अनेकांना वाटतं. पण ही निवासी जागा एमआयडीसीची आहे, आणि एमआयडीसी जमीन विकत नाही, साधारणपणे 95 वर्षांच्या भाडेपट्ट्यानं देते. आरएल, आरएम, आरएक्स अशा अक्षरांनी सुरू होणाऱ्या प्लॉटचा सातबारा आपल्या नावानं शोधण्यात म्हणूनच अर्थ नाही. पाहायचे ते भाडेपट्टा करार, ताबा पावती, बांधकाम पूर्णत्वाचा दाखला आणि आपल्या नावे झालेलं हस्तांतरण. उलट टोकाला, ‘लीजची जागा म्हणजे आपण भाडेकरूच’ असं म्हणून जीव टांगणीला लावणारेही भेटतात. तेही खरं नाही. नोंदणी झालेला दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा ही स्वतःच एक मालमत्ता आहे. ती वारसांकडे जाते, महामंडळाच्या संमतीनं विकता येते, बँकेकडे तारण ठेवता येते. घोटाळा होतो तो संमती न घेता केलेल्या नोटरी व्यवहारात. घेणारा दहा वर्षं राहतो, वर मजला चढवतो, आणि दफ्तरी नाव मूळ माणसाचंच राहतं.

बजाजनगरच्या बाहेर पडलं की रांजणगाव शेणपुंजी, वडगाव कोल्हाटी, जोगेश्वरी, कमळापूर. या बाजूला शेताच्या गटांत चुन्याच्या रेघा मारून पाडलेले प्लॉट पुष्कळ, आणि त्यांतले कितीतरी ‘बॉण्डवर’ घेतलेले. हा बॉण्ड हातात घेऊन पाहावा. वर शंभराचा स्टॅम्प (ऑक्टोबर 2024 पासून पाचशेचा), खाली नोटरीचा लाल शिक्का, दोन साक्षीदारांच्या सह्या, आणि मधे चतुःसीमा: पूर्वेस वीस फुटी रस्ता, पश्चिमेस अमुक नंबरचा प्लॉट. वाचताना सगळं जागच्या जागी वाटतं. पण 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 54 सांगतं की शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावराची विक्री नोंदणीकृत दस्तानंच होते. सौदा झाल्याच्या करारानं, मुखत्यारपत्रानं मालकी येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 2011 च्या सूरज लॅम्प खटल्यात स्पष्ट केलं. नोटरी एवढंच सांगते की सही त्याच माणसानं केली. त्या माणसाला विकायचा हक्क होता का, याच्याशी तिचा संबंध नाही.

‘पण ग्रामपंचायतीला घर लागलंय, घरपट्टी भरतो, मीटर माझ्या नावावर आहे.’ हे उत्तर ठरलेलं, आणि ते देणाऱ्याच्या चेहऱ्यावरचा विश्वास पाहून वाईट वाटतं. नमुना 8 चा उतारा हा कर आकारणीचा कागद आहे. कर कुणाकडून घ्यायचा, एवढंच तो सांगतो.

काहीजण मात्र बॉण्डवर थांबत नाहीत, रीतसर रजिस्ट्री करतात. त्यांची अडचण जास्त समजून घेण्यासारखी आहे. 1947 च्या तुकडेबंदी कायद्यामुळे शेतीचा ठरावीक क्षेत्राहून लहान तुकडा वेगळा विकता येत नाही. 2023 पासून ही मर्यादा जिरायतीला 20 आणि बागायतीला 10 गुंठे आहे. मग एजंट वाट काढतो. दहा गिऱ्हाइकं गोळा करायची आणि दहा गुंठ्यांचं एकच सामाईक खरेदीखत करायचं. दस्त खरा, मुद्रांक शुल्क भरलेलं, फेरफार मंजूर, सातबाऱ्यावर दहाही नावं. प्रत्येकाला वाटतं, माझा गुंठा, माझे 1089 चौरस फूट झाले.

सातबारा नीट पाहा. दहा नावं एकाखाली एक आहेत, पण नावासमोर क्षेत्र नाही. शेवटी एक ओळ आहे: ‘सामाईक क्षेत्र’, आणि तिच्यापुढे दहा आर. सगळी गोम या ओळीत आहे. कायद्याच्या नजरेत तुम्ही एका गुंठ्याचे मालक नाही, दहाच्या दहा गुंठ्यांत एक दशांश हिश्श्याचे मालक आहात. शेजाऱ्याच्या ओट्याखालच्या मातीत तुमचा वाटा आहे आणि तुमच्या देवघराखालच्या मातीत त्याचा. रस्त्याकडचा प्लॉट तुमचा आणि आतला त्याचा, हे चुन्याच्या रेघेनं आणि तोंडी ठरलेलं असतं; खरेदीखतात त्याचा मागमूस नसतो. कर्ज मागायला गेलात की बँक म्हणते, बाकी नऊ जणांच्या सह्या आणा. त्यांतला एक वारलेला असतो, एक नांदेडला परत गेलेला.

2001 चा गुंठेवारी कायदा अशा वस्त्यांना नियमित करण्यासाठीच आला. 2021 च्या दुरुस्तीनं तो 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या प्लॉटना लागू झाला. 2025 मध्ये राज्य सरकारनं निवासी पट्ट्यातले जुने तुकड्यांचे व्यवहारही नियमित करायचं ठरवलं. ही मोठी सोय आहे, तिचा फायदा घ्यावाच. मात्र ‘आता बॉण्ड आपोआप पक्का झाला’ असा जो अर्थ लावला जातोय तो चूक आहे. तुकडेबंदीचा अडसर निघाला, तरी ज्याच्या व्यवहाराची नोंदणीच नाही त्याला ती करावीच लागेल, आणि विकणाऱ्याचीच मालकी खोटी असेल तर कुठलंही नियमितीकरण ती खरी करत नाही.

सातबारा म्हणजे मालकी, हा तर महाराष्ट्रभरचा समज. सातबारा हा महसुली अभिलेख. 1966 च्या जमीन महसूल संहितेचं कलम 157 म्हणतं की त्यातली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरायची. ही ताकद कमी नाही, म्हणून नोंद चुकली तर गप्प बसू नये. पण मालकी निर्माण होते ती खरेदीखत, बक्षीसपत्र, मृत्युपत्र, वारसा किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्यातून. फेरफार या घटनेची खबर नोंदवतो. त्यामुळे नावाला कंस पडला म्हणून हक्क गेला असं होत नाही, आणि नाव चढलं म्हणून नसलेला हक्क येत नाही.

आता दुसरी फाइल, गावाकडची. तिच्यात सगळ्यात जास्त अन्याय झालेला माणूस म्हणजे बहीण. ‘तिचं लग्न झालं, हुंडा दिला, आता तिचा काय संबंध?’ असं वीस वर्षं कंपनीत नोकरी केलेली, इतर बाबतींत समंजस माणसं बोलतात. 9 सप्टेंबर 2005 पासून मुलगी वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखीच जन्मानं वाटेकरी आहे. त्या दिवशी वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 11 ऑगस्ट 2020 ला विनीता शर्मा खटल्यात सांगितलं. महाराष्ट्रानं तर अविवाहित मुलींना हा हक्क 1994 मध्येच दिला होता. 20 डिसेंबर 2004 पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या तेवढ्या अबाधित राहिल्या. आकड्यात सांगायचं, तर वडील मृत्युपत्र न करता वारले, मागे आई, दोन भाऊ, एक बहीण आणि चार एकर. जमीन वडिलांनी स्वतः कमावलेली असो वा आजोबांकडून आलेली वडिलोपार्जित, या कुटुंबात हिशेब एकच येतो: प्रत्येकी एक एकर. बहिणीची हक्कसोड हवी असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं, आणि त्यावर सही करण्यापूर्वी किती गुंठे सोडतेय हे तिला ठाऊक असलं पाहिजे. रक्षाबंधनाला आलेल्या बहिणीला ‘एक सही कर’ म्हणून तहसिलात नेणं मला पटत नाही.

जमीन कसणाऱ्या भावाचा गैरसमज वेगळा: ‘बारा वर्षं मीच वाहतोय, माझीच झाली.’ सहमालकाचा ताबा हा सगळ्यांच्या वतीनं धरला जातो. इतरांचा हक्क उघडपणे नाकारून, त्यांना बाहेर ठेवून जमीन वाहिली असं सिद्ध झालं तरच बारा वर्षांचा विचार होतो. शहरात राहणारा भाऊ म्हणतो, ‘माझ्या सहीशिवाय त्याला विकताच येणार नाही.’ विकता येतं, पण फक्त स्वतःचा अविभक्त हिस्सा. घेणारा त्याच्या जागी उभा राहतो, रस्त्याकडेची विहिरीची पट्टी निवडून ताब्यात घेऊ शकत नाही. थेट वारशानं आलेल्या जमिनीत तर बाहेरच्याला विकण्याआधी सहवारसांना घेण्याचा प्राधान्यहक्क आहे, आणि तो शेतजमिनीलाही लागू होतो, असं सर्वोच्च न्यायालयानं 2019 मध्ये ठरवलं.

‘आबांनी बांध घालून दिला, वाटणी झालीच की.’ बांध घालून मिळाली ती वहिवाटीची सोय. सगळ्यांची संमती असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदाराकडे अर्ज करावा, किंवा वाटणीपत्र नोंदवावं. कुणी हक्कच नाकारत असेल तर आधी दिवाणी न्यायालय. संमतीचं काम म्हणजे आई, बहीण, भाऊ एका दिवशी एका टेबलाशी आणणं, आणि ते आई असेपर्यंत सोपं असतं. मग भूमी अभिलेखची मोजणी होते, खुणांचे दगड बसतात, पोटहिस्से पडतात. त्यानंतर निघणाऱ्या सातबाऱ्यावर ‘सामाईक क्षेत्र’ ही ओळ राहत नाही. प्रत्येक नावासमोर त्याचा त्याचा आकडा असतो.