धडधाकट खेळाडूची धास्ती

31 डिसेंबर 2005. सॅन डिएगोत चार्जर्सचा हंगामातला शेवटचा सामना, समोर डेन्व्हरचे ब्राँकोज. दणक्याने ड्रू ब्रीजच्या हातून चेंडू निसटला. निसटलेल्या चेंडूवर झेप घ्यायची, हे अमेरिकन फुटबॉलमध्ये अंगवळणी पडलेलं असतं. ब्रीजने झेप घेतली आणि डेन्व्हरचा एक धिप्पाड गडी त्याच्या उजव्या हातावर कोसळला. खांदा निखळला, तोही फेकीचा.

क्वार्टरबॅक म्हणजे संघाच्या आक्रमणाचा सूत्रधार. जवळजवळ प्रत्येक डाव त्याच्या हातून सुरू होतो, म्हणून सगळ्यांत मोठा पगार त्याचा आणि प्रतिस्पर्ध्यांचा डोळाही त्याच्यावरच. ब्रीजचा एका वर्षाचा करार त्या सामन्याबरोबर संपत होता आणि फिलिप रिव्हर्स हा तरुण क्वार्टरबॅक बाकावर वाट बघत बसला होता. चार्जर्सनी ब्रीजपुढे नवा करार ठेवला खरा, पण त्यातले बरेचसे पैसे ‘खेळलास तर’ या अटीला टांगलेले. ब्रीजने पाठ फिरवली.

त्याला हवा होता मायामीचा संघ. मायामीच्या डॉक्टरांनी खांदा तपासला आणि नकारार्थी मान हलवली. संघाने डाँटे कल्पेपरला पसंती दिली. गंमत म्हणजे कल्पेपरही जखमीच होता. ऑक्टोबर 2005 मध्ये त्याच्या गुडघ्याचे तीन अस्थिबंध तुटले होते. पुढचे उपचार आणि व्यायाम कुठे करायचे, करारातली रक्कम वाढवायची की नाही, यावरून मिनेसोटाच्या व्हायकिंग्जशी त्याचं बिनसलं होतं आणि एजंट न ठेवता तो स्वतःच भांडत होता. मिनेसोटाने ड्राफ्टमधल्या दुसऱ्या फेरीच्या एका निवडीच्या बदल्यात त्याला मायामीला देऊन टाकलं. ड्राफ्ट म्हणजे कॉलेजातून येणारे नवे खेळाडू संघांनी वाटून घेण्याची वार्षिक पद्धत. खेळाडूंच्या अदलाबदलीत या निवडीच चलनासारख्या चालतात.

ब्रीजला न्यू ऑर्लिन्सने सहा वर्षांसाठी 6 कोटी डॉलर देऊ केले. कतरिना वादळाने मोडलेलं शहर, शॉन पेटन नावाचा नवा प्रशिक्षक आणि शस्त्रक्रिया झालेला खांदा. मायामीकडून कल्पेपर जेमतेम चार सामने खेळला. ब्रीजने 7 फेब्रुवारी 2010 रोजी न्यू ऑर्लिन्सला सुपर बोल, म्हणजे हंगामाचा अंतिम सामना, जिंकून दिला, तोही मायामीच्याच मैदानावर.

त्या दिवशी हरलेल्या इंडियानापोलिसचा क्वार्टरबॅक होता पेटन मॅनिंग. जुलै 2011 मध्ये त्याने पाच वर्षांचा 9 कोटी डॉलरचा करार केला. पण मानेच्या शस्त्रक्रिया सुरू होत्या, सप्टेंबरमध्ये मणके जोडावे लागले आणि तो वर्षभर एकही सामना खेळला नाही. संघ सोळापैकी चौदा सामने हरला. इतक्या दारुण हंगामाचं बक्षीस म्हणून ड्राफ्टमधली पहिली निवड मिळाली आणि कॉलेजातून येणारा क्वार्टरबॅक अँड्र्यू लक समोर दिसू लागला. मॅनिंगला 2 कोटी 80 लाख डॉलरचा बोनस देण्याची मुदत 8 मार्च 2012 होती. 7 मार्चला संघाचे मालक जिम अर्से आणि मॅनिंग एकत्र पत्रकारांसमोर आले आणि मॅनिंगने भरल्या गळ्याने निरोप घेतला. आपल्याकडे म्हणतात, गरज सरो नि वैद्य मरो. इथे तर वैद्याच्याच अहवालावर गरज सरली होती. पुढे डेन्व्हरकडून मॅनिंगने 2013 च्या हंगामात 55 टचडाउन पास फेकले. तो विक्रमच होता.

इथवरच्या भांडणांचा साचा साधा होता. खेळाडूला इजा झाली की संघ घाबरतो, हिशेब करतो आणि बाहेरची वाट दाखवतो. कधी खेळाडूच अडून बसतो, आणि मग तिढा सोडवायला तिसऱ्याच कुणाचं तरी हाड मोडावं लागतं. 2011 मध्ये कार्सन पामर सिनसिनाटीकडे ‘मला दुसऱ्या संघाकडे पाठवा, नाहीतर निवृत्त होतो’ म्हणून घरी बसला. मालक माइक ब्राउन हलेनात. मग ऑक्टोबरमध्ये ओकलंडच्या क्वार्टरबॅकच्या गळपट्टीचं हाड मोडलं आणि दोन दिवसांत सौदा झाला. 2016 मध्ये सॅम ब्रॅडफर्ड फिलाडेल्फियावर असाच रुसून परतला होता. त्याचा स्वतःचा गुडघा दोनदा फाटलेला. 30 ऑगस्टला मिनेसोटाच्या टेडी ब्रिजवॉटरचा गुडघा सरावात निखळला, आणि 3 सप्टेंबरला ब्रॅडफर्ड मिनेसोटाचा झाला. मोबदला, पहिल्या फेरीची एक निवड आणि वर चौथ्या फेरीची एक सशर्त निवड.

मधल्या काळात कराराचा कागद मात्र बदलत होता. अमेरिकन फुटबॉलच्या या लीगमध्ये करार पाच वर्षांचा असला तरी पाच वर्षांचा पगार पक्का नसतो. खेळताना इजा झाली तर त्या हंगामाचे पैसे मिळतात, पुढच्याची खात्री नाही. म्हणून खेळाडू पुढच्या वर्षांसाठी हमी मागू लागले आणि संघांनी अर्धी मागणी मान्य केली: इजेपुरती हमी. म्हणजे ठरलेल्या तारखेला खेळाडू तंदुरुस्त असेल, तर संघ त्याला फुकटात सोडू शकतो. जखमी असेल, तर पुढच्या वर्षाचा पगार गळ्यात.

हे कलम लिहिलं खेळाडूच्या संरक्षणासाठी. त्याचा उलटा अर्थ वॉशिंग्टनमध्ये दिसला. 2012 च्या हंगामात रॉबर्ट ग्रिफिनने धुमाकूळ घातला होता. जानेवारी 2013 मध्ये गुडघा गेला आणि पुढे त्याचं वैभव ओसरलं. तरी 2015 च्या वसंतात संघाने त्याचा करार आणखी एका वर्षाने वाढवण्याचं कलम वापरलं: 1 कोटी 61 लाख डॉलर, पण हमी फक्त इजेपुरती. मग अख्खा हंगाम तो एकही सामना खेळला नाही. मार्च 2016 मध्ये, रक्कम पक्की होण्याआधी, त्याला मोकळं केलं. खेळायला उतरला असता आणि पुन्हा मोडला असता, तर तेवढ्या रकमेचा फटका होता. दुधाने तोंड पोळलेलं. ताकही फुंकून पिण्याऐवजी संघाने पेलाच लपवून ठेवला.

2022 च्या डिसेंबरात लास व्हेगासच्या रेडर्सनी डेरेक कारला शेवटच्या दोन सामन्यांसाठी बसवलं. इजा झाली असती, तर सुमारे 4 कोटी डॉलर द्यावे लागणार होते. कारच्या करारात त्याच्या संमतीशिवाय अदलाबदल नाही, असं कलम होतं. त्याने संमती दिली नाही, आणि संघाला काहीही पदरात न पडता फेब्रुवारीत त्याला सोडावं लागलं. त्याच्या जागी आणलेल्या जिमी गॅरापोलोचा डावा पाय डिसेंबरात मोडला होता. तेव्हा रेडर्सनी करारात पुरवणीच जोडली: हा पाय आम्हाला माहीत आहे, याच पायापायी तू तपासणीत नापास झालास, तर आम्ही पैसे न देता मोकळे. माणसाशी करार, पण डावा पाय वगळून.

आणि मग डेन्व्हर. 2022 मध्ये रसेल विल्सनशी 24 कोटी 50 लाख डॉलरचा वाढीव करार झाला होता. त्यातला 2025 चा 3 कोटी 70 लाख डॉलर पगार इजेच्या बाबतीत आधीच पक्का होता. 29 ऑक्टोबर 2023 रोजी डेन्व्हरने कॅन्सस सिटीला सलग सोळा पराभवांनंतर पहिल्यांदा हरवलं. पुढच्याच सुट्टीच्या आठवड्यात, विल्सनने नंतर पत्रकारांना सांगितलं त्याप्रमाणे, त्याला निरोप आला: हा पगार पूर्ण पक्का होण्याची तारीख पुढे ढकल, नाहीतर बाकावर बस. त्याने नकार दिला. संघ जिंकत होता तोवर तो खेळला. डिसेंबरअखेर त्याला बसवण्यात आलं. हा निर्णय मुख्यतः खेळासाठी आहे, असं प्रशिक्षक म्हणाले. प्रशिक्षक होते शॉन पेटन. 2006 मध्ये ब्रीजच्या शिवलेल्या खांद्यावर पैज लावणारे तेच.

मार्चमध्ये विल्सनला सोडलं, तेव्हा डेन्व्हरच्या पगारमर्यादेवर, म्हणजे संघाने पगारांवर खर्चायच्या ठरलेल्या कमाल रकमेवर, दोन वर्षांत मिळून साडेआठ कोटी डॉलरचा बोजा पडला. विल्सन पिट्सबर्गकडून किमान वेतनावर, जेमतेम 12 लाख डॉलरला खेळला. 2024 च्या ठरलेल्या पगाराची बाकी रक्कम डेन्व्हरने भरली. हमीच्या प्रश्नावर खेळाडूंची संघटना लवादापुढे गेली होती. जानेवारी 2025 च्या निकालात लवादाने म्हटलं की लीगने संघमालकांना हम्या कमी करायला उत्तेजन दिलं होतं, पण मालकांनी संगनमताने तसं केल्याचं सिद्ध झालेलं नाही.

विल्सन बाकावर बसला, त्यानंतरचा पहिला सामना 31 डिसेंबर 2023 ला होता. डेन्व्हरविरुद्ध चार्जर्स, ब्रीजचा खांदा निखळला त्या दिवसाला अठरा वर्षं पूर्ण. डेन्व्हरकडून चेंडू हाताळत होता जॅरेट स्टिडम, वर्षभरापूर्वी रेडर्सनी कारच्या जागी उतरवलेला तोच. डेन्व्हर 16-9 ने जिंकलं. विल्सन सीमारेषेपाशी उभा होता. खांदा, गुडघा, घोटा, सगळं शाबूत.