गोगलगाय जगली, भुंगेरा गेला

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात बरेच शेतकरी नांगर न चालवताच सोयाबीन पेरतात. माती धुपत नाही, डिझेल वाचतं. पण आधीच्या पिकाचा काडीकचरा रानात तसाच राहतो आणि त्याखालच्या गारव्यात बिनशंखाच्या गोगलगायींचं फावतं. रात्री बाहेर पडून त्या कोवळी रोपं कुरतडतात. त्यांना खाणारे कोण, तर जमिनीवर धावणारे भुंगेरे. बहुतेक काळे, लांब पायांचे, मजबूत जबड्यांचे.

या भुंगेऱ्यांची अळी मातीत वाढते, कोषही मातीतच. त्या दिवसांत खोल नांगरट झाली की पुढची पिढीच उलथते. काही जाती तणांचं बी खातात. नांगराने तेही त्यांच्या आवाक्याबाहेर गाडलं जातं. उघडी जमीन मानवणाऱ्या छोट्या जाती मात्र नांगरलेल्या रानातही तग धरतात, त्यामुळे 'नांगर वाईट' एवढं म्हणून भागत नाही.

शिवाय नांगर टाळला तरी बियाण्यावरचं औषध राहतंच. मार्गारेट डग्लस, जेसन रोर आणि जॉन टूकर यांचं संशोधन 2015 मध्ये प्रसिद्ध झालं. थायामिथोक्झाम लावलेल्या बियाण्याची रोपं गोगलगायींनी खाल्ली आणि त्यांना काहीच झालं नाही. होणार कसं? औषध कीटकांसाठीचं, गोगलगाय कीटकच नव्हे. पण प्रयोगशाळेत त्याच गोगलगायी खाणारे 60 टक्क्यांहून जास्त भुंगेरे लुळे पडले किंवा मेले. शेतातही भक्षक कमी झाले, गोगलगायी मोकाट सुटल्या आणि उत्पादन 5 टक्क्यांनी घटलं. औषधाचे पैसे गेले ते वेगळेच.

आपल्याकडेही खोडमाशीसाठी सोयाबीनला थायामिथोक्झामची बीजप्रक्रिया करतात. 2022 च्या पावसाळ्यात लातूर, बीडकडे गोगलगायींनी सोयाबीन फस्त केलं, ते आठवत असेल. त्या शंखवाल्या, अंगाने कितीतरी मोठ्या. तिकडचा निष्कर्ष इकडे जसाच्या तसा चिकटवता येणार नाही. तरी खोडमाशीचा त्रास नसलेल्या रानातही सवयीने औषध लावायचं का, हा प्रश्न इथेही विचारण्याजोगा आहे.

अशा भक्षकांना आसरा मिळावा म्हणून इंग्लंडमध्ये 1980 च्या दशकाच्या अखेरीस धान्याच्या विस्तीर्ण शेतांत मुद्दाम वरंबे घालून त्यांवर झुबक्यांनी वाढणारं गवत लावलं गेलं. हिवाळ्यात तिथे चौरस मीटरमागे हजारावर भक्षक किडे आणि कोळी मुक्कामाला आलेले आढळले. आपल्याकडे बांध आयते आहेत, आणि त्यांच्यावर आपण तणनाशक मारतो.