फार्मसीच्या उंबरठ्यावर (६) : गणितवाले, जीवशास्त्रवाले आणि एकच यादी

कॉलेजांची पसंती भरायचा ऑप्शन फॉर्म आज घ्यायचं कबूल केलं होतं, पण तो पुढच्या आठवड्यावर ढकलतो. कराडच्या एका वाचक ताईंच्या पत्रानं मला माझ्या आवडत्या आडवाटेला लावलंय. त्यांच्या मुलीला सीईटीत पीसीबीला ११८ मार्क पडले, मैत्रिणीला ११५. पण पर्सेंटाइल मैत्रिणीचं जास्त. तक्रार करू का, असं ताई विचारतात. करू नका, हिशेब बरोबर आहे.

दोघींचे पेपर वेगवेगळ्या सेशनला झाले. सूत्र मागे दिलंच होतं : आपल्याइतके किंवा कमी मार्क मिळवणारे त्याच सेशनमधले किती, याची शेकडेवारी. मैत्रिणीच्या सेशनला एकूणच मार्क खाली आले असणार, म्हणून तिथं ११५ ला भाव आला. आता पर्सेंटाइलमधले ते सात दशांश. समजा, सेशनला ९,१३७ मुलं बसली. एक जण मागे पडला की आपण ०.०१०९४४५ नं वर सरकतो. पुढचे आकडे निव्वळ भागाकाराचे, हुशारीचे नव्हेत. वेगवेगळ्या सेशनची मुलं एका रांगेत लावताना बरोबरी होऊ नये म्हणून ते ठेवलेत, एवढंच.

पत्रातली दुसरी शंका जास्त गमतीची. मुलीचं पर्सेंटाइल : फिजिक्स ८८, केमिस्ट्री ९०, बायॉलॉजी ८९, आणि एकूण ९२! सरासरी तर ८९ येते. पण एकूण पर्सेंटाइल ही सरासरी नसतेच. २०० पैकीच्या मार्कांवर सगळ्यांची नव्यानं रांग लागते. फिजिक्समध्ये तिच्या पुढं असलेले कितीतरी बायॉलॉजीत घसरलेले असतात. ही पोरगी कुठंच घसरली नाही, म्हणून वर आली.

आता खरी गोष्ट. बी.फार्मच्या यादीत पीसीएम (गणितवाली) आणि पीसीबी (बायॉलॉजीवाली) अशी दोन्हीकडची मुलं येतात. दोन्ही ग्रुप दिलेल्याचं जे पर्सेंटाइल जास्त, ते धरतात. बारावीचे मार्क पात्रतेपुरते : खुल्या वर्गाला ४५ टक्के, राज्यातल्या राखीव वर्गाला ४०. ते जमलं की बारावीचं काम जवळजवळ संपलं. (डी.फार्मचं उलट, तिथं बारावीच सगळं काही.)

पण पीसीएमचं ९० म्हणजे इंजिनीअरिंगच्या मागं लागलेल्या गर्दीतलं ९०, आणि पीसीबीचं ९० वेगळ्याच गर्दीतलं. पेपरही सारखे नाहीत. फिजिक्स-केमिस्ट्री दोघांना पन्नास-पन्नास मार्कांची; उरलेल्या शंभरासाठी गणितवाल्याला दोन-दोन मार्कांचे ५० प्रश्न, बायॉलॉजीवाल्याला एकेका मार्काचे १००. एक प्रश्न चुकला तर गणितवाल्याचं नुकसान दुप्पट. हे दोन्ही ९० एकाच तोलाचे, असं यादी धरून चालते. ते तसे आहेत की नाहीत, हे त्या आकड्यांवरून कुणालाच सांगता येणार नाही.

अभ्यासक्रमाला मात्र हा फरक चांगला ठाऊक आहे. फार्मसी कौन्सिलच्या बी.फार्मच्या पहिल्या सेमिस्टरलाच गणितवाल्यांना रेमेडियल बायॉलॉजी आणि बायॉलॉजीवाल्यांना रेमेडियल मॅथ्स घ्यावं लागतं. माझं विचाराल तर केमिस्ट्रीला जास्त वजन द्यायला हवं; पुढची चार वर्षं तिच्यावरच काढायची असतात. पण मला विचारतो कोण!

तेव्हा ताई, पर्सेंटाइलपाशी अडकू नका; मुलीचा स्टेट मेरिट नंबर बघा. फार्मसीचा फॉर्म भरलेल्यांतच तो लागतो, म्हणून कॉलेजच्या दारात तिची जागा तोच सांगतो. कॅपच्या (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) कटऑफ यादीत पर्सेंटाइलबरोबर हा नंबरही छापलेला असतो. बरेच पालक तो वगळून वाचतात. गेल्या वर्षीच्या फक्त पहिल्या राउंडचा नको, शेवटच्या राउंडचाही काढून ठेवा. वरचे पुष्कळ पीसीएमवाले इंजिनीअरिंग मिळालं की फार्मसीची सीट सोडतात, आणि मग नंबर किती खाली उतरतो ते तिथं दिसतं. हे दोन कागद हाताशी असले की पुढच्या आठवड्यात ऑप्शन फॉर्मला बसू.