बर्फावरची बिदागी

हॉकी हा शब्द कानी पडताच मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे हिरवळीचे मैदान आणि मेजर ध्यानचंदांची मूर्ती उभी राहते. कॅनडातील मनुष्यापुढे मात्र त्याच शब्दासरशी २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद अशी बर्फाची लादी येते, आणि आपल्या परिचयाच्या खेळाचा उल्लेख करावयाचा झाल्यास तेथे त्यालाच ‘मैदानी’ हे विशेषण जोडावे लागते. ३ मार्च १८७५ रोजी माँट्रिअलच्या व्हिक्टोरिया स्केटिंग रिंकमध्ये, छपराखाली, नऊ-नऊ गडी घेऊन झालेल्या सामन्यापासून या खेळाच्या संघटित जीवनाचा आरंभ मानतात. १९९४ मध्ये तेथील संसदेने कायदा करून त्याला राष्ट्रीय हिवाळी खेळाची सनद दिली खरी, परंतु त्यापूर्वी कित्येक पिढ्यांनी ती आपापल्या परसात स्वहस्ते लिहून ठेवली होती. कारण थंडी पुरेशी पडली की रात्रीच्या वेळी नळीने पाणी सोडून, ते गोठले की पुन्हा वर पाण्याचा थर देऊन, मुलांसाठी अंगणात बर्फाचे मैदान सिद्ध करणे हा तेथील पालकांचा जुना रिवाज आहे.

या देशात २००४ साली एक नवा प्रघात पडला. जूनो पुरस्कार हा कॅनडातील संगीतक्षेत्राचा सर्वोच्च वार्षिक सन्मान. त्याचा सोहळा त्या वर्षी एडमंटन मुक्कामी होता, आणि त्याच्या निमित्ताने गायक-वादकांचा एक संघ व नॅशनल हॉकी लीगमधून निवृत्त झालेल्या खेळाडूंचा दुसरा, असा मुलांच्या संगीतशिक्षणाला मदत म्हणून सामना योजण्यात आला. त्याला जूनो चषक हे नाव मिळाले. वादकांचा संघ ‘रॉकर्स’ म्हणवितो, आणि त्याच्या नायकपदाशी ब्ल्यू रोडिओ या टोरांटोच्या वाद्यवृंदाचे गायक जिम कडी यांचे नाव असे निगडित झाले आहे की एकाचा उल्लेख आला की दुसऱ्याचा यावाच. पुरस्कारांचा सोहळा निरनिराळ्या शहरी फिरतो आणि त्याच्याबरोबर हा चषकही बिऱ्हाड हलवितो: विनिपेग, हॅलिफॅक्स, सास्काटून, कॅलगरी, सेंट जॉन्स. फिरत्या नाटक मंडळ्यांचा काळ ज्यांच्या घरात अजून बोलला जातो, त्यांना या व्यवस्थेतील गोडी निराळी सांगावी लागणार नाही.

वरवर पाहता या सामन्यात स्पर्धा संभवतच नाही. एका बाजूला अशी माणसे आहेत की ज्यांनी आयुष्याची उमेदीची वर्षे दररोज बर्फावर घालविली, ज्यांचे गुडघे झिजले, क्वचित दात गेले, परंतु सहा औंसांपर्यंत वजनाची ती काळी रबरी चकती पुढच्या क्षणी कोठे असेल हे जाणणारी ज्यांची दृष्टी अद्याप निवृत्त झालेली नाही; दुसऱ्या बाजूला अशी माणसे आहेत की जी रात्री उशिरापर्यंत कार्यक्रम करून, सकाळी कोठेतरी भाड्याने मिळालेल्या रिंकवर तासभर हौस भागवितात. शिवाय वादकाची बोटे ही त्याची उपजीविका असते. म्हणून अशा सामन्यांत अंगावर धडक मारण्यास स्थान नसते. आणि ज्या चपळ प्रहाराने चकती ताशी दीडशे किलोमीटरांच्या वर वेग घेते, तो प्रहार ज्याच्या मनगटात अजून शिल्लक आहे, तोच तो आवरून धरतो.

हे आवरून धरणेच मला या संस्थेचे मर्म वाटते. तरबेज खेळाडूने हौशी खेळाडूबरोबर खेळताना नुसते हळू खेळावे, तर त्यात अपमान आहे आणि प्रेक्षकांनाही ते तत्काळ उमगते. त्याला खरोखर खेळावे लागते. फक्त आपल्या कौशल्याचे प्रयोजन बदलावे लागते. जो पूर्वी प्रतिपक्ष्याच्या काठीखालून चकती हिरावून नेण्यासाठी पावले मोजीत असे, तोच आता स्वपक्षातील किंवा प्रसंगी समोरच्याही गड्यापुढे ती अशा बेताने सोडतो की त्याची काठी जेथे आहे तेथेच ती येऊन टेकावी. उत्तम तबलजी नवशिक्या गायकाला साथ करताना ठेका स्वच्छ ठेवतो, समेची जागा दुरून दाखवितो आणि आपली तयारी मुठीत मिटून ठेवतो. त्याची विद्या त्या मिटलेल्या मुठीत जाणकाराला जितकी दिसते तितकी स्वतंत्र वादनातही कदाचित दिसत नाही.

आणि संगीत व हॉकी यांचा हा शेजार काही या चषकापुरता जुळविलेला नव्हे. दूरचित्रवाणीवरील हॉकीच्या कार्यक्रमासाठी डोलोरेस क्लॅमन या संगीतरचनाकार स्त्रीने १९६८ साली बांधलेली धून पुढे चाळीस वर्षे शनिवारच्या रात्री घराघरांत वाजली, आणि कित्येकांनी तिला देशाचे दुसरे राष्ट्रगीत मानले. स्टॉम्पिन टॉम कॉनर्स या लोकगायकाने १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेले हॉकीगीत आजही रिंकवर गाजते. आणि याच मानी गृहस्थाने, पुरस्कार देशाबाहेर जाऊन राहिलेल्यांना दिले जातात या निषेधार्थ, १९७८ मध्ये आपले सहाही जूनो परत केले होते, हे येथे नमूद केले पाहिजे. ज्या पुरस्काराच्या नावाने हा चषक चालतो त्याच्याशी असे भांडण्याइतके प्रेम त्या देशाच्या संगीतावर कोणी केले, ही त्या पुरस्काराचीही मिरासच होय.

परंतु या शेजारातील सर्वांत गहिरी कथा बिल बॅरिल्को याची. टोरांटो मेपल लीफ्स संघाच्या या तरुण बचावपटूने एप्रिल १९५१ मध्ये जादा वेळेत गोल करून संघाला लीगच्या अजिंक्यपदाचा स्टॅन्ली चषक मिळवून दिला, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये मासेमारीच्या सहलीवरून परतताना तो ज्या लहान विमानात होता ते विमानच उत्तरेच्या अरण्यात नाहीसे झाले. पुढे अकरा वर्षे त्याचा थांगपत्ता लागला नाही, आणि त्या अकरा वर्षांत त्याच्या संघाला चषकही लाभला नाही. १९६२ च्या वसंतात तो लाभला आणि काही आठवड्यांतच अवशेष सापडले. ट्रॅजिकली हिप या वाद्यवृंदाने १९९२ मध्ये या प्रसंगावर गीत रचले तेव्हा, ज्यांचा त्या अपघाताच्या वेळी जन्मही झाला नव्हता अशा तरुणांच्या तोंडी बॅरिल्कोचे नाव पुन्हा आले. खेळाडूची कीर्ती सांभाळण्याचे काम त्या देशात अशा रीतीने बखरकारांपेक्षा गायकांनी अधिक केले आहे.

जुन्या खेळाडूंना अशा ममतेची गरजही होती. आजच्या वेतनांचे आकडे ऐकणाऱ्यास कल्पना येणार नाही, परंतु पूर्वीच्या पिढीतील नामांकित गड्यांनाही उन्हाळ्यात दुसरी नोकरी धरावी लागे. आणि आपल्या पेन्शन फंडातील शिल्लक रकमेवर हक्क सांगण्यासाठी कार्ल ब्रूअर, गॉर्डी हाऊ प्रभृती निवृत्तांना लीगविरुद्ध कोर्टात जावे लागले. १९९२ मध्ये ऑन्टॅरिओच्या न्यायालयाने त्यांच्या बाजूने निवाडा दिला, आणि १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लीगला अपिलाची परवानगी नाकारली. ज्यांच्या वर्गाचा हिशेब चुकता होण्यास इतका विलंब लागला, त्या वर्गातील माणसे आज परक्या मुलांसाठी विनामूल्य बर्फावर उतरतात, या गोष्टीपुढे मी नम्र होतो.

सामन्याच्या आदल्या रात्री मैफल होते. वादक आपल्या हक्काच्या जागी असतात, खेळाडू श्रोते होतात, आणि धीर करून एखादा धृपदाला सूर मिळवितो. दुसऱ्या दिवशी पारडे फिरते. बालपणी हिवाळ्याच्या पहाटे रिंकवर जावे की वाद्याच्या शिकवणीला, असा निर्णय ज्यांना घ्यावा लागला, अशा अनेकांना सोडून दिलेली वाट या दोन दिवसांत थोडा वेळ चालून पाहता येते.

जमेची रक्कम म्यूझिकाउंट्स या धर्मादाय संस्थेकडे जाते. पुरस्कार देणाऱ्या अकादमीनेच १९९७ मध्ये स्थापिलेली ही संस्था, ज्या शाळांच्या अंदाजपत्रकात संगीतासाठी तरतूद उरलेली नाही त्यांना वाद्ये घेऊन देते. शाळेतील वाद्यवृंदाचा खर्च हा काटकसरीच्या फर्मानात प्रथम कापला जाणारा खर्च असतो. ट्रंपेट, क्लॅरिनेट, ट्रॉम्बोन ही वाद्ये महाग, त्यांची डागडुजी महाग, आणि एका वाद्यावर तीन मुलांनी पाळीपाळीने शिकावयाचे म्हटले तर ओठांची बैठक कोणाचीच बसत नाही. म्हणून तेथे प्रत्येक नगाला किंमत आहे. वसंत ऋतूत कोठेतरी एका शाळेच्या वाद्यांच्या खोलीत नवी पेटी उघडली जाते, मखमलीतून पितळी ट्रंपेट बाहेर निघतो, दहा-अकरा वर्षांचे मूल तो दोन्ही हातांनी तोलून धरते, गाल फुगवून फुंकर घालते, आणि पहिल्या खेपेस सूर येत नाही, नुसता वारा येतो. मग ते ओठ पुसून पुन्हा फुंकते.